कुंकवाची बाजू

सहकारनगर, पुणे
१४ सप्टेंबर

चि. ओवी हिस अनेक आशीर्वाद.

सवयीने 'चि. सौ.' लिहिलं आणि 'सौ.'वर पेन अडलं. त्याचं काय करायचं ते कोर्ट ठरवेल. 'चि.' लिहायला मात्र कुणाची हरकत नसावी.

निकाल लागेपर्यंत दोन्हीकडच्यांनी एकमेकांना फोन करायचे नाहीत, मेसेज पाठवायचे नाहीत, असं वकिलांनी सांगितलंय आणि मी ते तंतोतंत पाळतोय. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. हल्ली कुणी पत्र लिहीत असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नसणार. माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली, त्यामुळे ही पळवाट मला आपोआप दिसली.

विषय गाडीचा आहे, फक्त गाडीचा. तुझ्या आणि शौनकच्या मध्ये काय झालं हे मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तो माझा मुलगा आहे आणि तू पाच वर्षं या घरात मुलीसारखी नाही, मुलगी म्हणून राहिलीस. त्यात बाजू घ्यायची तर मला दोन तोंडं लागतील, आणि सुनीतीच्या मते माझं एकच जास्त होतं.

तर गाडी. तू राहिलेलं सामान न्यायला आलीस त्या दिवशी ती फाटकापाशी अडली, गिअर टाकला की नुसता खडखडाट, आणि शेवटी तू रिक्षात सामान भरून हिंजवडीला गेलीस. जाताना सुनीतीला म्हणालीस, "आई, ती गाडी कुणालातरी देऊन टाका." तुझ्या पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेली गाडी कुणालातरी देऊन टाका! आम्ही ती ढकलत आपल्या पार्किंगच्या जागेत नेऊन लावली. परवा चौकातल्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "काका, गिअरबॉक्स गेला, क्लच जळला. काम मोठं आहे, गाडी उचलून न्यावी लागेल." न्यावी लागेल म्हटल्यावर मी नको म्हटलं. का नको, ते त्याला सांगितलं नाही आणि तुलाही सांगत नाही.

शौनकला फोनवर सांगितलं. तो बंगळूरहून म्हणाला, "बाबा, भंगारात द्या ना. तुम्हाला कशाला ताप?"

मी घरीच करणार आहे. मोबाइलवर एक मुलगा सगळं दाखवतो. प्रत्येक गोष्ट काढली की 'बस, इतना सा काम है' म्हणतो. सुनीती म्हणाली, "अहो, तुम्हाला नळाचा वॉशर बदलता येत नाही." खरं आहे. पण नळ तुझा नव्हता.

उत्तराची अपेक्षा नाही.

यज्ञेश्वर


२३ सप्टेंबर

चि. ओवी,

पत्र पोचलं की नाही कळायला मार्ग नाही. पोचलं असं धरून लिहितो.

दुसरा गिअरबॉक्स आणायला पितृपक्ष आडवा आला. या दिवसांत नवीन काही घ्यायचं नाही, असं सुनीतीने बजावलं. मी म्हटलं, नवीन कुठे आहे, नाना पेठेतून जुनाच आणणार आहे. ती म्हणाली, क्लच तर नवा आहे ना? म्हणून घटस्थापनेपर्यंत थांबलो आणि तोवर जुनं काढायला घेतलं. काढायला पितरांची ना नसते.

त्या व्हिडिओतल्या मुलाला भेटायची मला फार इच्छा आहे. तो पाना लावतो आणि नट सुटतो. माझा नट सुटत नाही. रॉकेल घातलं, हातोडी मारली, शिव्या दिल्या. सुनीतीने वरून विचारलं, "कुणाशी बोलताय?" एक नट तर असा बसला होता की माझ्या अख्ख्या नोकरीत इतका घट्ट बसलेला साहेब मी पाहिला नाही. शेवटी पान्याला लोखंडी पाइप लावून दोन्ही हातांनी ओढला. सुटला, आणि मी मागच्या मागे तुळशीच्या कुंडीवर बसलो. कुंडी गेली. तुळस वाचली, ती आता तुझ्या जुन्या बादलीत आहे.

पुन्हा गाडीखाली शिरलो, तेवढ्यात आपले सेक्रेटरी, रावसाहेब, खाली आले. ते सोसायटीला पोलीस चौकी समजतात हे तुला ठाऊकच आहे. हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "पार्किंगमध्ये गॅरेज काढण्याचा ठराव कुठल्या सभेत झाला?" मी गाडीखालूनच म्हटलं, "ज्या सभेत तुमच्या नातवाच्या सायकली जिन्यात ठेवायचा झाला, त्याच." ते गेले. थोड्या वेळाने जुना लेंगा घालून परत आले आणि शेजारी आडवे झाले. गिअरबॉक्स म्हणजे सिमेंटचं पोतं, माझ्या एकट्याने उतरला नसता. सुनीतीने जेवणाचा पाट आणि जुनी गादी दिली. आम्ही दोन म्हाताऱ्यांनी तो धोंडा छातीवरून गादीवर, गादीवरून पाटावर असा बाहेर काढला. रावसाहेबांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "पोरगी गुणी होती हो तुमची." मी म्हटलं, आहे.

जुना क्लच बाहेर आला. काळाठिक्कर आणि गुळगुळीत. क्लच म्हणजे काय हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. इंजिन आपलं फिरत असतं, चाकं आपली थांबलेली असतात, आणि कुणालाही न मोडता दोघांना वेगळं करते ती ही चकती. हे मी सुनीतीला समजावून सांगितलं तर तिने डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, अगं, मी गाडीबद्दल बोलतोय. आपल्या घरी उपमा फक्त नाश्त्याला करतात.

तिला तुझी फार आठवण येते. मी बरा आहे.

यज्ञेश्वर


२ ऑक्टोबर, दसरा

चि. ओवी,

सोनं म्हणून आपट्याचं एक पान पाकिटात घातलंय. पाकिटातून काहीबाही पाठवू नये असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो.

काल खंडेनवमी. माझ्या पान्यांची, जॅकची, नव्या क्लचची आणि जुन्या-नव्या गिअरबॉक्सची पूजा झाली. सुनीतीने चक्क दिवाणखान्यात चौरंगावर मांडून फुलं वाहिली. टपाल खात्यात असताना माझ्या हत्यारांची पूजा म्हणजे शिक्क्याला हळदकुंकू. यंदा मला प्रथमच कारागीर झाल्यासारखं वाटलं. पूजेनंतर दिवसभर हत्याराला हात लावायचा नाही, तेव्हा सुट्टी होती. तुझ्या खोलीत जाऊन बसलो. खिडकीतून गाडी दिसते तिथून.

उद्या सगळं बसवतो. मग गाडी तयार. तुला आनंद होईल. मलाही व्हायला हवा.

यज्ञेश्वर


५ ऑक्टोबर

चि. ओवी,

आज मी माणसात नाही. तरी लिहितो, कारण दुसरं कुणी ऐकून घेत नाही. सुनीती बाजारात गेली, रावसाहेब माझ्याशी बोलत नाहीत. का, ते येईलच पुढे.

शुक्रवारी आणि शनिवारी गाडीखाली होतो. चकती बरोबर मधोमध बसली पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा आत जात नाही. त्यासाठी एक खास हत्यार मिळतं म्हणे. मी सुनीतीचं लाटणं एका टोकाला तासून वापरलं. तिला ते अजून माहीत नाही, ती दोन दिवस लाटणं शोधतेय आणि बाटलीने पोळ्या लाटतेय. गिअरबॉक्स वर चढवताना तीनदा खाली आला. चौथ्यांदा रावसाहेब म्हणाले, "गणपतीबाप्पा मोरया म्हणा," आणि गेला की आत! सगळे नट आवळले, तेल भरलं. आज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून मी गाडीत बसलो. सुनीतीने बोनेटवर नारळ फोडला. किल्ली फिरवली, इंजिन सुरू. क्लच दाबला, पहिला गिअर टाकायला गेलो तर कर्रर्र. पुन्हा कर्रर्र. जाईचना.

मला वाटलं, इंजिन बंद करून गिअर टाकावा आणि मग सुरू करावं. तसा गिअर पडला. क्लच तळापर्यंत दाबून किल्ली फिरवली आणि गाडीने बेडकासारखी उडी मारली ती थेट रावसाहेबांच्या स्कूटरवर. स्कूटर आडवी. रावसाहेब लेंगा बदलायला वर गेले. मघापासून नोटीस बोर्डावर ताजा कागद दिसतोय.

म्हणजे क्लच दाबूनही सुटत नाही. इतकी मेहनत करून इंजिन आणि चाकं एकमेकांना धरूनच बसलीयत. सगळं पुन्हा उतरवायचं. पुन्हा तो धोंडा छातीवर.

तार ताणून पाहिली, पेडल पाहिलं. चकती उलटी बसली असेल असंही नाही, कारण त्याची मी खबरदारी घेतली होती. नाना पेठेतल्या दुकानदाराने इंजिनाकडच्या बाजूला खडूने फुली मारून दिली होती. खंडेनवमीला सुनीतीने चकती पुसली, त्यात फुली गेली. "नवी वस्तू देवापुढे ठेवायची तर पुसायला नको?" असं तिचं म्हणणं. पण तिने कुंकू लावलं होतं आणि ते एकाच बाजूला होतं. कुंकू पुढून लावतात, कुणी पाठीवर लावत नाही. पुढे इंजिन आहे. म्हणून कुंकवाची बाजू इंजिनाकडे केली आणि मग कुंकू पुसून बसवली. यात तर काही चूक नाही.

कंटाळलो आहे, ओवी. खरंच कंटाळलो आहे.

यज्ञेश्वर


११ ऑक्टोबर

चि. ओवी,

परवा सुनीतीचा मोबाइल वाजला. ती मेसेज वाचून एवढी हसली की मला वाटलं हिला काही झालं. मग रडली. मग मोबाइल माझ्या हातात दिला.

"बाबांना सांगा, कुंकवाच्या बाजूवर जाऊ नका. चकतीचा मधला फुगीर भाग गिअरबॉक्सकडे हवा. इंजिनाकडे केला की क्लच सुटत नाही. आणि जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका, खाली लाकडी ठोकळे लावा."

वकिलांना कळलं तर तुझी चूक धरतील. मी सांगणार नाही.

चार वर्षं मेकॅनिकल शिकून तू कॉम्प्युटरपुढे जाऊन बसलीस, तेव्हा मी म्हटलं होतं, शिक्षण वाया गेलं. नाही गेलं. आणि मला एवढंच हवं होतं बघ, तू वाचतेस की नाही ते कळायला. पत्रं टाकून येताना दर वेळी वाटायचं, तिकडे न फोडताच जात असतील.

ठोकळे लावले. रावसाहेबांची मनधरणी केली, त्यांच्या स्कूटरला नवा आरसा बसवला, ते लेंगा घालून आले. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. फुगीर भाग इंजिनाकडेच होता. सुनीतीला विचारलं, तू कुंकू कुठल्या बाजूला लावलंस? ती म्हणाली, "चौरंगावर सपाट बाजू खाली ठेवली, म्हणजे डगडगत नाही. वर आली त्या बाजूला लावलं. मी काय इंजिनिअर आहे?" तिच्या देवघराच्या दृष्टीने सगळं बिनचूक होतं.

आता फिरवून बसवली आहे. फक्त क्लचची तार बदलायची राहिली. ती कुठे मिळत नाही. वेळ लागेल असं दिसतं.

यज्ञेश्वर


२६ ऑक्टोबर

चि. ओवी,

मागच्या पत्रातली तारेची गोष्ट खोटी होती. ती तार नाना पेठेत कुठल्याही दुकानात मिळते. मी ती आणून त्याच आठवड्यात बसवली आणि गाडी तेव्हापासून चालू आहे. गिअर असा पडतो की आवाज नाही.

रोज सकाळी सुनीती देवपूजेला बसली की मी खाली जायचो, गाडी सुरू करायचो, फाटकापर्यंत न्यायचो आणि मागे घेऊन पुन्हा जागेवर लावायचो. वर येऊन सांगायचो, अजून तार नाही. दिवाळी अशीच गेली. भाऊबीजेच्या दिवशी रावसाहेब फराळाला आले आणि चिवडा खाताखाता म्हणाले, "वहिनी, गाडी काय मस्त चालते हो!"

सुनीतीने त्यांच्यासमोर काही दाखवलं नाही. ते गेल्यावर माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "पोरीची गाडी अडवून ठेवलीत तुम्ही?"

मी सांगितलं तिला. पहिल्या दिवशी तुला सांगितलं नव्हतं ते. गॅरेजवाला गाडी उचलून नेईल, तिकडून परस्पर ती तुझ्याकडे जाईल किंवा भंगारात, आणि मग तुला या दारात यायचं काहीच कारण उरणार नाही, म्हणून मी नको म्हटलं. गाडी इथे आहे तोवर तू पूर्ण गेलेली नाहीस, असं मला वाटायचं. दुरुस्त करायचीही होती, तुझी वस्तू मोडकी राहावी असंही वाटत नव्हतं. आणि होऊही नये असं वाटायचं. मला तुझ्यावाचून करमत नाही, ओवी. संध्याकाळी सातला लिफ्टचं दार वाजलं की मी अजून चहाचं आधण वाढवतो.

सुनीती रागावेल असं वाटलं होतं. ती माझ्या हाताला लागलेलं काळं तेल पदराने पुसत बसली. मग म्हणाली, "तिला यायचं असेल तर ती रिक्षाने येईल. यायचं नसेल तर गाडी इथे गंजून गेली तरी येणार नाही. उद्या तिची कोर्टाची तारीख आहे, नवीन आयुष्य आहे. तिची गाडी तिच्या दारात नेऊन द्या."

'उद्या' म्हणजे तिच्या भाषेत पुढचा सोमवार. त्याआधी शनिवारी मी गाडी घेऊन येतो. येऊ का, असं विचारत नाही, कारण विचारलं की तू नको म्हणशील.

यज्ञेश्वर


६ नोव्हेंबर

चि. ओवी,

शनिवारी तू खाली येण्याआधी काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

बायपासने आलो. चांदणी चौकात कुठल्या रस्त्याला लागायचं ते न कळून दोनदा फिरलो, वाकडच्या पुलाखाली तासभर अडकलो. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. क्लचची परीक्षाच झाली, पास झाला. तुझ्या हॉस्टेलच्या फाटकावर वॉचमनने अडवलं. "कुनाकडं?" मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "म्याडमचं कोन तुमी?"

साधा प्रश्न. सासरा म्हणावं तर दोन दिवसांनी कोर्ट नाही म्हणणार. वडील म्हणावं तर तुझे वडील कोल्हापुरात धडधाकट आहेत. काका म्हणावं तर पुण्यात रिक्षावाल्यापासून सगळेच काका. मागे गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मी म्हटलं, "मेकॅनिक आहे. गाडी द्यायला आलोय." त्याने माझी नखं बघितली आणि लगेच विश्वास ठेवला. फोन लावून म्हणाला, "म्याडम, तुमचा मेक्यानिक आलाय."

मग तू आलीस, "मी कुणालाही बोलावलं नाहीये" असं जिन्यातूनच ओरडत. आणि गाडीपाशी येऊन थांबलीस. मी येतोय हे सांगणारं पत्र त्याआधीच मिळायला हवं होतं. ते सोमवारी मिळालं हे नंतर तुझ्या मेसेजवरून कळलं.

पुढचं तुला माहीत आहे. तू किल्ली घेतलीस आणि म्हणालीस, "बसा, घरी सोडते." परत तोच वाकडचा पूल, तीच गर्दी. त्या गर्दीला मी आयुष्यात पहिल्यांदा दुवा दिला. चांदणी चौक आल्यावर एवढंच म्हणालीस, "बाबा, गिअर लोण्यासारखा पडतोय." मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण डोळे भरून आले होते आणि तू गाडी चालवत होतीस.

वर आली नाहीस. सुनीती गॅलरीत उभी होती, तिनेही हाक मारली नाही. तुम्ही दोघी सारख्याच. गाडी वळून दिसेनाशी झाली तेव्हा ती आत आली आणि कणीक मळायला बसली, सगळं जेवण होऊन गेलेलं असताना.

सोमवारी शौनकचा फोन आला. "झालं, बाबा," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवायचा विसरला. मीही ठेवला नाही. त्याच्यावर राग धरू नकोस असं मी म्हणणार नाही, तो तुझा तू बघ. तो दुखावलेला आहे एवढं मला बाप म्हणून माहीत आहे.

मग त्याने निकालाची प्रत पाठवली. जुनी सवय, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. उभय पक्षांचा एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही, असं त्यात आहे. उभय पक्ष कोण, त्यांची नावंही आहेत. माझं नाव कुठेही नाही, सुनीतीचंही नाही. आम्ही काहीही सोडून दिलेलं नाही आणि आमच्या कुणी सह्या घेतलेल्या नाहीत.

एक मात्र सांगायचं राहिलं. येताना बघितलं, तुझा डावा पाय सारखा क्लचवर असतो. गिअर बदलायचा नसला तरी पाय आपला तिथेच टेकवलेला. त्या व्हिडिओतल्या मुलाने हात जोडून सांगितलंय की ही सवय वाईट, अशाने क्लच लवकर झिजतो. वाटेत माझ्या जिभेवर आलं होतं, गिळलं. घरी सुनीतीला म्हटलं, तर ती म्हणाली, "अहो, मग सांगायचं नाही का तिला?"

तर सांगतो. ठेव पाय. खुशाल ठेव. झिजला की घेऊन ये. आता मला बसवता येतो.

यज्ञेश्वर